जुन्या मशीनवरची साखर

पोटात पाणी सोडायचं आणि काही तासांनी काढून टाकायचं. त्याबरोबर शरीरातली घाण निघते. हे डायलिसिस मी नवऱ्याला जेसल पार्कच्या आमच्या घरीच करायचे. पिशवीतल्या पाण्यात साखर असते, ती अंगातलं जादा पाणी ओढून घेते. पण वर्षानुवर्षं तीच साखर पोटातल्या पडद्याला खाते. यांचा पडदा थकला. आत सोडलेलं पाणीसुद्धा पुरतं बाहेर येईना. पाय सुजले, आडवं झालं की श्वास कोंडायचा. हृदय कमजोर, म्हणून रक्ताचं डायलिसिसही झेपणार नव्हतं. मी हातपाय गाळले होते.

मग डॉक्टरांनी रोजची एक पिशवी बदलली. नव्या पाण्यात ग्लुकोजऐवजी दुसरंच काही होतं. आठवड्यात सूज उतरली, यांच्या पायात बूट गेले! मी त्या पिशवीलाच हात जोडले.

यांना मधुमेहही होता, म्हणून नर्सने बजावलं होतं, "मावशी, ह्या पाण्यावर तुमचं जुनं शुगरचं मशीन चुकीचं दाखवेल. आम्ही सांगतोय तेच घ्या." मी मान डोलावली. पण घरात जुन्या मशीनच्या स्ट्रिप्सची नवी डबी होती, आणि वस्तू वाया घालवणं माझ्या रक्तात नाही. चुकीचं म्हणजे किती, दहा-वीसने, हे माझं मीच ठरवलं. मोठी शहाणी ना मी!

एका सकाळी मशीनने तीनशे चाळीस दाखवले. घाबरून मी इन्सुलिन वाढवून टोचलं. तासाभरात यांना दरदरून घाम फुटला, जीभ अडखळायला लागली. शेजारच्या भाभी साखर घेऊन धावत आल्या. "चीनी दो इनको, जल्दी!" मी पुन्हा बोट टोचून पाहिलं. दोनशे ऐंशी. "भाभी, शुगर तो बढी हुई है," म्हणत मी त्यांचा चमच्याचा हात मागे ढकलला.

रिक्षातून हॉस्पिटलात पोचेपर्यंत यांची शुद्ध हरपली होती. तिथे शिरेतून रक्त घेऊन तपासलं, तर साखर जवळजवळ नव्हतीच. जुनं मशीन नव्या पाण्यातल्या पदार्थालाच साखर समजत होतं. सलाइनमधून ग्लुकोज सुरू झालं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. हा माणूस गेला तर तो मी मारला, एवढंच मला कळत होतं.

दुपारी त्यांनी डोळे उघडले. डॉक्टरांनी मला विचारलं, "इन्सुलिन कोणी वाढवलं?"

"मीच टोचून घेतलं," ते पुटपुटले. "ही नको म्हणत होती."

डॉक्टरांनी त्यांना चांगलंच झापलं. त्यांनी निमूट ऐकून घेतलं. मी शेजारीच उभी होते, आणि मी काही बोलले नाही.