झेक बिअर चाखणारा नागसेन

नागसेन नागपूरच्या धंतोलीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचा आणि रविवारी मोबाइलसमोर बसून बिअर चाखायचा, त्याचे व्हिडिओ आपल्या चॅनलवर टाकायचा. त्याचं नाव झालं ते झेक बिअरमुळे. "फेस पाहा गा, दुधाच्या सायीवानी! आधी भाजल्या पोळीचा वास, मंग कारल्यावानी कडू, पण सोडवत नाही," असं तो रंगवून सांगायचा आणि लोक ऐकत राहायचे.

त्याची आई बायजाबाई उमरेडजवळच्या गावात राहायची. गावातलं दारूचं दुकान बंद पाडणाऱ्या बायांची ती म्होरकी. व्हिडिओ तिच्यापर्यंत पोचलाच. तिनं फोन केला.

"काय पिऊन राहिला गा तू?"

नागसेन गडबडला. "पीत नाही, माय. चव घेतो अन् थुंकतो. तिकडले जाणकार असंच करतेत."

"बरं," ती म्हणाली. त्याला वाटलं, मिटलं.

बुद्धपौर्णिमेला तो गावी गेला. विहारात वंदना झाली, बाया बसून होत्या. एक जण कुजबुजली, "लोकायच्या बाटल्या फोडते, अन् घरचा पोरगा..."

बायजाबाई ताडकन उठली. "माहा पोरगा चव सांगते अन् थुंकते. हा बसला, विचारा त्याले!"

सगळ्यांच्या नजरा वळल्या. नागसेननं मान हलवली. हो म्हणून.

तेवढ्यात त्या बायांमधल्या मीराबाईनं हात जोडले. तिचा नवरा दारूपायी कामधंदा घालवून बसला होता. "बाबू, आमच्या यायलेही तसं थुंकायले शिकव ना गा."

ती टोमणा मारत नव्हती. नागसेनला धरणी दुभंगावी असं झालं.

घरी आई चहा टाकत होती. तो दारातूनच म्हणाला, "माय, मी थुंकत नाही. पितो."

"माहीत आहे."

"मंग तिथं काहून बोलली?"

"माह्याशी खोटं बोलला, ते गिळलं मी. वाटलं, चारचौघीत तरी खरं बोलशील."

चहाला न थांबता तो मीराबाईकडे गेला. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिचं सूप थांबलं.

"मी तं घरी येऊन नवऱ्याले सांगून बसली ना, तू थुंकते म्हणून," ती म्हणाली. "तो लय हासला. म्हणे, कोणी बिअर थुंकते का, येडे?"

नागसेन तसाच मागे फिरला. नागपूरला येऊन त्यानं चॅनल बंद केलं. पिणं काही लगेच सुटलं नाही. पण आता गावी गेला की मीराबाईचं घर टाळून, लांबच्या वाटेनं आईकडे जातो.