भागीमामीचा समुद्रावरचा फोटो

भागीमामी माझ्याशी बोलायची ती मांजराकडे बघून. मांजर नसलं तर चुलीकडे, आणि चूल विझलेली असली तर दाराच्या चौकटीकडे. मी तिच्या ओटीवर बसलेला असायचो आणि ती आतून म्हणायची, "मने, इचार गं पावन्यांना, चाय घेतील का?" मनी काही विचारायची नाही. मीच म्हणायचो, "घेतो मामी." त्यावर मामी पुन्हा मनीलाच सांगायची, "साकर कमी घालते म्हनावं. मागच्या टायमाला कपात तशीच रायली व्हती." तिचं लक्ष सगळं माझ्याकडे असायचं, तोंड तेवढं दुसरीकडे.

ती माझी सासू. तिचं गाव कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. भाताची शेती आणि परड्यात वाल, काकडी, शिराळी. मी खालापूर तालुक्यातला. रसायनीच्या कारखान्यांतून केमिकलची पिंपं वाहणाऱ्या एका टेंपोवर क्लीनर म्हणून लागलो, मग चालवायला शिकलो, आज माझे स्वतःचे टेंपो आहेत. कुणाच्या मेहेरबानीने हे झालेलं नाही, म्हणून सांगतो. संगीता तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला यायची. ती कुणब्याची, मी बौद्ध. आम्ही कोर्टात लग्न केलं. सासरे तोवर वारले होते. मामी लग्नाला आली नाही. माझा मेहुणा जनार्दन दारात उभा राहून जे बोलला ते मी इथे लिहीत नाही, पण विसरलेलोही नाही.

जनार्दन निदान तोंडावर बोलला. मामीचं तसं नव्हतं. सासूने जावयाचं नाव घेऊ नये, त्याच्याशी समोरासमोर बोलू नये, त्याच्या बरोबरीने बसू नये, ही आमच्या भागातली जुनी रीत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पिऊ नये, हीसुद्धा रीतच. मामी सगळ्या रीती पाळायची. आता यात माझा मान किती आणि माझी जात किती, हे मी कसं ओळखायचं? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. दुसरा जावई असता तर तिथे ती कशी वागते ते पाहून ताडलं असतं. पण तिला मुलगी एकच.

माझा सगळा जन्म समोरच्याच्या मनातला भाव काढण्यात गेला. कारखान्याचा मॅनेजर खुर्चीत किती मागे रेलतो यावरून मी त्याचा शेवटचा आकडा सांगू शकतो. या एका बाईच्या मनातला भाव मला कधी काढता आला नाही, आणि त्याने मी आतून जळत असायचो.

प्राचीचा जन्म झाला तेव्हा मी मनात म्हटलं, आता मामी सापडली. मूल झालं, पाण्याची रीत संपली. बाराव्या दिवशी मामी आली. काखेला कापडी पिशवी, पिशवीत पोरीसाठी दुपटी, बाळंतिणीसाठी अळीव, आणि स्वतःच्या पाण्याची बाटली. मी बाटलीकडे बघतोय हे तिने पाहिलं. पोरीला मांडीवर घेऊन तिलाच म्हणाली, "बाय, सांग तुज्या बापाला. आजीला डाक्टरनं उकळलेलंच पानी सांगितलंय." मी संगीताकडे बघितलं. संगीता भिंतीकडे. जेवणाची वेळ व्हायच्या आत मामीची एसटी असायची. ती एसटी मात्र कधी चुकली नाही.

असं असलं तरी एक जागा होती जिथे मामी माझ्याशी सरळ बोलायची. कशेळ्याचा बाजार. तिथे ती जमिनीवर गोणपाट टाकून काकड्या नाहीतर वालाच्या शेंगा घेऊन बसायची. मी एकदा टेंपो घेऊन मुरबाडला चाललो होतो, ती दिसली म्हणून उतरलो. सहज विचारलं, "काकडी कशी दिली?" मामीने मान वर केली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "तुमी किती देनार?"

मला काय वाटलं ते कसं सांगू? वाडीवरून उतरलेल्या बाया, जीपवाले, सगळ्यांसमोर ती मला "तुमी" म्हणाली होती. मी मुद्दाम पाडून भाव मागितला. ती उसळली. "इतक्याला पानी पन नाय मिळत! घ्यायची असंल तर घ्या, नायतर सावली सोडा, गिऱ्हाईक दिसत नाय मला." बाजूची शेंगावाली हसून म्हणाली, "अगं भागे, जावई ना गं तुझा?" मामी म्हणाली, "जावई घरी. हितं गिऱ्हाईक."

तेव्हापासून मी सवड काढून त्या बाजाराला जायला लागलो. संगीता कंटाळून म्हणायची, "अहो, किती काकड्या आणता?" मी तिला कारण सांगितलं नाही. तास तास आमची घासाघीस चालायची. मी चिडलो की मामी थंड, मी थंड झालो की ती चिडायची. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पयला आकडा बोलंल तो हरंल." ती स्वतः कधी पहिला आकडा बोलली नाही.

गेल्या दिवाळीनंतर प्राचीने हट्ट धरला की आजीला घेऊन समुद्रावर जायचं. मुरुडच्या अलीकडे एका किनाऱ्यावर आम्ही दोन दिवस राहिलो. मामी गाडीत मागे बसली होती आणि माझ्याशी बोलायचं असलं की पुढच्या सीटच्या पाठीला सांगत होती, "जरा हलू चालवा म्हनावं." तिथे पोचल्यावर कळलं की प्राचीने फोनवरून परस्पर फोटोचं बुकिंग केलंय. सकाळच्या उन्हात, किनाऱ्याच्या रिकाम्या टोकाला, फक्त आपल्या कुटुंबाचे फोटो. पुण्याची केतकी नावाची फोटोग्राफर मुलगी बोलायला आली. तिचा आकडा ऐकून माझं डोकं फिरलं.

"वाळू सरकारची, ऊन फुकटचं, तोंडं आमची. तू पैसे कशाचे घेतेस?"

"काका, फोटो आवडले नाहीत तर मला समुद्रात ढकला."

"ढकलीन. आणि त्याच पैशांत आठ नाही, बारा फोटो द्यायचे. आजीचा एकटीचा वेगळा."

"बाबा, प्लीज!" प्राची लाल झाली.

शेवटी केतकीने बारा कबूल केले. ती गेल्यावर मामी झोपाळ्याच्या दांडीला म्हणाली, "भाव बरोबर पाडला. पन पोरीचं तोंड उतरलं. तोंड उतरंस्तवर पाडू नये. दुसऱ्या टायमाला ती आपल्याला बघून आधीच चढवून सांगंल." धंद्यातला एवढा शहाणा सल्ला मला दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

सकाळी प्राचीने सगळ्यांना पांढरे कपडे घालायला लावले. मामी जांभळं लुगडं नेसून बाहेर आली, आमच्याकडे बघून जागीच थांबली. "अगं बाय! सगली पांढरी? कोनाच्या मातीला चाललाव रं?" आम्ही इतके हसलो की केतकीने तिथेच दोनचार फोटो काढले. ऊन कोवळं होतं. लाटेचं पाणी पायाला लागलं की मामी लुगडं उचलून मागे सरत होती.

मग केतकीने आम्हाला ओळीने उभं केलं. प्राची, संगीता, मी. आणि म्हणाली, "आजी, तुम्ही इकडे या. मुलाच्या खांद्यावर हात ठेवा."

मामी हलली नाही. "पोरी, ते मुलगा नाय. जावई हायत."

"मग तर अजून छान! ठेवा हात."

"नाय गं. आमच्यात चालत नाय."

आमच्यात चालत नाय. हे तीन शब्द मी जन्मभर ऐकत आलोय. चहाच्या वेगळ्या कपापाशी ऐकलेत, भाड्याची खोली मागायला गेलो तिथे ऐकलेत, जनार्दनच्या दारात ऐकलेत. माझा तोल गेला. "कशात चालत नाही मामी?" मी ओरडलोच. "सासवांत चालत नाही की कुणब्यांत चालत नाही? आज सांगून टाका. लेकीकडचं पाणी नको, मग डॉक्टरचं उकळलेलं पाणी, मग एसटी! मांजराशी बोलता, माझ्याशी नाही. हा माझा मान आहे की विटाळ आहे? एकदा खरा भाव सांगा!"

"अहो, पुरे," संगीता म्हणाली. प्राची रडायला लागली. केतकीने कॅमेरा खाली घेतला. मला वाटलं, आता मामी लाटेला नाहीतर चपलेला काहीतरी सांगेल.

तिने माझ्याकडे बघितलं. बाजारात बघायची तसं.

"पयलं तेच व्हतं," ती म्हणाली. "जातच व्हती. खोटं कशाला बोलू? लोक काय म्हनतील, जना काय म्हनंल, आन माजं मन पन तसंच. तुमच्या दारातून पानी न पिता निगायची तवा घशाला कोरड पडायची, तरी नाय प्याली. मग कवातरी ते गेलं. निस्ती रीत रायली. कवा गेलं ते मला नाय कळलं. कळलं असतं तर तुमाला सांगितलं असतं."

मी हुज्जत घालायला तयार होतो, पण कशाशी घालणार? तिने पहिला आकडा बोलून टाकला होता. मी एवढंच म्हणालो, "मग आता उभ्या राहा शेजारी."

"आता रीत हाय ना," मामी म्हणाली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्या डाव्या अंगाला दोन हात अंतर सोडून उभी राहिली. तसाच फोटो निघाला.

परत येताना मामीला गावात सोडलं आणि गाडीत आम्ही दोघंच पुढे असताना संगीता म्हणाली, "ती पाण्याची बाटली आणायची कधी बंद झाली, आठवतं तुम्हाला?" मला आठवेना. गेली काही वर्षं मामी आमच्या माठातलं पाणी पीत होती, हे खरं. मी ते पाहिलं असणार. तरीही माझं म्हणणं तेच आहे. कळलं नाही तर नाही, पण माणसाने विचारायच्या आधी सांगावं. ते वाक्य मला खूप आधी हवं होतं. उशिरा मिळालेल्या मालाची किंमत अर्धी होते, हे मामीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्यानंतर मी बाजाराला दोनदा गेलो. दोन्ही वेळा तिने मला काकडी महाग लावली, आणि मी घेतली.

वाल काढणीला आले तेव्हा मामी अंगणात शेंगा सोलता सोलता गेली. कुणाला हाक मारायलाही उसंत मिळाली नाही. आम्ही पोचलो तेव्हा तिला अंघोळ घातलेली होती. खांदा द्यायला मी पुढे झालो, तेव्हा भावकीतल्या एकाने माझ्या दंडाला धरून हळूच सांगितलं, "पावनं, ऱ्हाऊ द्या. मानसं हायत." संगीताकडे बघून मी मागे सरलो. मागून चालत गेलो.

संध्याकाळी जनार्दन माझ्याजवळ आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मला "भावजी" म्हटलं. "भावजी, फ्लेक्स लावायचाय. आयचा एक धड फोटो नाय घरात. समुद्रावरचा तुमच्याकडं हाय ना?" एकटीचा म्हणून काढलेल्या फोटोत मामीने वाऱ्यामुळे पदर तोंडावर धरला होता, तो उपयोगाचा नव्हता. आमच्या चौघांचाच तेवढा चांगला होता. मी म्हणालो, "देतो. पण खाली नावं छापशील त्यात माझं घालायचं. जावई म्हणून." तो म्हणाला, "घालतो ना. तुमचं नाय तर कोनाचं?" मी फोटो पाठवला.

चौथ्या दिवशी कशेळ्याच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. मामी एकटी. दोन हात सोडून उभी राहिली होती, त्यामुळे कापायला सोपी गेली, कुणाचा हात की खांदा आड आला नाही. खाली मुलगा, सून, नातवंडं, पुतणे, भावकी, मित्रमंडळ. कन्या म्हणून नुसतं "संगीता". माझं नाव कुठेच नाही.

मी टेंपोतून दोरी कापायची सुरी काढली. संगीता धावत आली आणि माझं मनगट धरलं. "फाडा. फाडायचं तर फाडा. पण जना नाहीये त्याच्यात. आईचंच तोंड फाटेल."

मी सुरी ठेवून दिली. तिथेच उभा राहिलो. बाजाराचा दिवस होता. मामीच्या जागेवर दुसरी कुणीतरी गोणपाट टाकून बसली होती. वाडीवर जाणारी जीप भरेपर्यंत तिचा ड्रायव्हर माझ्या शेजारी येऊन तंबाखू मळत फ्लेक्स बघत होता.

"फोटो झ्याक हाय म्हातारीचा," तो म्हणाला. "पन समोर नाय बगत. बाजूला कोनाकडं बगते ओ?"

मी पहिल्यांदा नीट पाहिलं. केतकी समोरून "आजी, इकडे बघा" म्हणत होती तेव्हा मी स्वतः समोर बघत होतो, त्यामुळे हे मला माहीतच नव्हतं. पदराखालून मामीचे डोळे बाजूला वळले होते. ती बघत होती तिथे फ्लेक्सवाल्याने समईची ज्योत छापली होती.

"जावयाकडे," मी म्हणालो.