अकरा पायऱ्या आणि डावा डोळा

२०२५ साल. मला एकाहत्तरावं चालू होतं, आणि अंधेरीच्या एका एसी ऑफिसात तिशीतली एक मुलगी मला विचारत होती, "काका, वाचता येतं ना नीट?"

शाळा चौथीपर्यंत. पण घाटकोपरला पंचेचाळीस वर्षं रीटचिंग केलं. रीटचिंग म्हणजे फाटका, बुरशी लागलेला फोटो पुन्हा भिंतीवर लावण्याजोगा करणं. आधी निगेटिव्हवर पेन्सिलीने, नंतर कॉम्प्युटरवर. मी "येतं" एवढंच म्हणालो.

मुलीचं नाव मृणाल. तिच्या कंपनीने फोटो दुरुस्त करणारं एआयचं अ‍ॅप काढलं होतं. मला अ‍ॅप तपासायचं नव्हतं, डॉक्युमेंटेशन तपासायचं होतं. म्हणजे अ‍ॅप कसं वापरायचं ते मराठीत लिहिलेलं पुस्तक. लिहिलं होतं मृणालनेच.

"कुणाला काही विचारायचं नाही, काका. लिहिलंय तेवढंच करायचं. प्रत्येक पायरीपुढे समजलं किंवा नाही समजलं, टिक करा. शिकलेली माणसं मनानेच पुढे जातात, म्हणून तुम्हाला बोलावलं."

काय म्हणायचं होतं ते कळलं. तिथेच ठरवलं, 'नाही समजलं'वर एकही टिक पडू द्यायची नाही.

खराब फोटो आपला आपण न्यायचा होता. माझ्याकडे मुलुंडच्या सुनंदाताईंचं काम होतं. त्यांचे मिस्टर वारून वर्ष होत होतं, रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मिस्टरांचा एकच धड फोटो, तोही पाकिटात घडी घालून ठेवलेला. घडीची रेघ डाव्या डोळ्याला लागून गेलेली. हल्ली माझा हात थरथरतो, माऊस रेघेवर राहत नाही. म्हटलं, एका फेरीत दोन कामं होतील.

पुस्तकात अकरा पायऱ्या. प्रत्येकीच्या शेवटी 'पुढे दाबा'. पाचवीला घडी गेली. सहावीला डाग गेले. सातवी होती 'चेहरा स्पष्ट करा'. केला. असं करत अकरावीला सेव्ह. अकराच्या अकरा 'समजलं'.

"काका, कुठेही न अडकता पूर्ण करणारे तुम्ही पहिलेच," मृणाल म्हणाली. माझ्यासमोरच तिने रिपोर्ट वरच्या साहेबांना पाठवला. अ‍ॅप माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरही महिनाभरासाठी चालू करून दिलं. मान ताठ करूनच जिना उतरलो.

शुक्रवारी प्रिंट घेऊन मुलुंडला गेलो. सुनंदाताईंनी फोटो खिडकीशी नेला. उजेडात धरून बघितला.

"भाऊ, डोळे कुणाचे लावलेत?"

"त्यांचेच आहेत की."

"ह्यांचा डावा डोळा अर्धाच उघडायचा, जन्मापासून. बघायला आले तेव्हा मला वाटलं, मेला डोळा मारतोय. चहा न देता आत गेले होते मी." हसल्या, मग फोटो उलटा ठेवला. "हे कुणी साहेब दिसतात. यांना मी हार नाही घालायची."

आमच्या धंद्यात पहिलं काम काय? फोटो हातात घेतला की विचारायचं, "माणसाची काही खूण?" तीळ, व्रण, तुटका दात. ते कामाच्या कागदी पाकिटाच्या मागे लिहायचं. कागदाचा डाग काढायचा, माणसाचा नाही. या वेळी मी विचारलंच नाही. पुस्तकात नव्हतं म्हणून नाही विचारलं. पंचेचाळीस वर्षं एका बाजूला आणि अकरा टिका एका बाजूला.

शनिवारी पुन्हा अंधेरी. मृणालला म्हटलं, "माझा रिपोर्ट परत दे. सातवी पायरी चूक आहे. तिने माणसाचा अर्धा डोळा पूर्ण उघडला."

"तुम्हीच तर 'समजलं' लिहिलंय, काका."

"समजलंच होतं. म्हणून तर चूक झाली. तुझं पुस्तक पुढे जायला सांगतं. थांबायचं कुठे, ते कुठेच नाही. लिही, सहावीनंतर घरच्यांना दाखवा. पटलं तर तिथेच सेव्ह करा."

"मधे थांबवलं की ड्रॉप-ऑफ वाढतो." ड्रॉप-ऑफ म्हणजे गिऱ्हाईक अ‍ॅप अर्धवट सोडून जातं. "साहेब नाही ऐकणार."

"मग मी इथेच बसतो. चहा सांग."

दोन तास बसलो. ती आधी वैतागली, मग तिने मूळ आणि नवा, दोन्ही फोटो शेजारी लावून पाहिले. साहेबांना फोन केला. तीही भांडली बरं का. शेवटी एक ओळ मंजूर झाली, पण पुस्तकाच्या तळाशी, 'नेहमीचे प्रश्न' या भागात. तिथपर्यंत कोण जातं? मी रिपोर्टवर सातवीची टिक खोडून 'नाही समजलं' केलं, खाली सही केली. त्यांनी मला परत कधी बोलावलं नाही.

पुस्तक सोपं असलं की ते बरोबरच आहे असं वाटतं. एवढं शिकायला मला एकाहत्तर वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दुकान उघडलं. मूळ फोटो पुन्हा अ‍ॅपमध्ये चढवला. सहा पायऱ्या केल्या आणि थांबलो. सेव्हचं बटण पहिल्यापासून कोपऱ्यात होतंच, पुस्तक ते अकरावीला दाखवतं. गाल थोडा धूसर राहिला, डावा डोळा अर्धा मिटलेला. प्रिंट काढून फ्रेम केली आणि कार्यक्रमाआधी मुलुंडला पोचवली. सुनंदाताईंनी पदराने काच पुसली, बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊ, आता जेवूनच जा."