धुऱ्याचे पैसे

कोंढा गावच्या चहाटपरीवर एक धानाचा शेतकरी मला नेहमी भेटतो. एखादी गोष्ट समजली नाही की कानाची पाळी धरतो आणि समोरच्याचे शेवटचे शब्द त्यालाच परत ऐकवतो. मी कार्बनच्या योजनेचं काम घेतल्यापासून त्याचा हात कानावरच असतो.

"धान कापल्यावर शेतातली धसकटं जाळू नका," मी सांगितलं. "न झालेल्या धुराचे पैसे मिळतील. परदेशातले कारखाने देतील."

"कारखाने देतील," तो म्हणाला. "काहून?"

"त्यांना त्यांचा धूर चालू ठेवायचा आहे म्हणून."

"चालू ठेवायचा आहे म्हणून," तो पुटपुटला.

सह्यांच्या दिवशी तो शेजारच्या शेतवाल्याला घेऊन आला. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, आणि त्याच धुऱ्यावरून या दोघांचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं.

"धुऱ्याचे पैसे म्हणलं ना तुमी? धुरा दोघायचा हाय. अर्धे याले द्या."

मला हसू आलं. धुरा नव्हे, धूर, असं मी समजावलं. शेजाऱ्यानं तर धसकटं कधी जाळलीच नव्हती, त्यामुळे तो योजनेत बसतच नव्हता. शेजारी जायला निघाला. यानं एका हातानं त्याची बाही पकडली. दुसरा कानावर होता.

"बरं, धूर. पण माहा धूर इतके वर्षं याच्याच घरात जात होता ना? मंग याले काहीच नाई?"

"काहीच नाही," मी म्हणालो, आणि माझा हात माझ्याच कानाकडे गेला.