रेडियमचा वाघ

ब्रह्मपुरीच्या बस स्टँडसमोर माझं रेडियमचं दुकान होतं. दुकान म्हणजे पानठेल्याएवढी टपरी. मोटारसायकलच्या नंबर प्लेटा, जीपच्या मागच्या काचेवर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’, दवाखान्याच्या दारावरच्या पाट्या, असली कामं मी रेडियमच्या चमकत्या चिकट कागदातून कटरनं हातानं कापून द्यायचो. दोन हजार सालानंतर नागपूरहून मशीनवर कापलेली अक्षरं यायला लागली आणि माझी अक्षरं लोकांना वाकडी दिसू लागली. म्हणून मी एक लहान कटिंग मशीन आणि एक जुना कॉम्प्युटर आणला. टपरीत जागाही नव्हती आणि धूळही फार. दोन्ही वस्तू घरी मागच्या टिनाच्या खोलीत मांडल्या. त्या खोलीत माझी धाकटी बहीण झोपायची.

तिला सिकल सेल हा रक्ताचा आजार होता. आमच्या भागात हा आजार बऱ्याच घरांत आहे, पण तेव्हा आम्हाला एवढंच कळलं होतं की तो तिला आई आणि बाबा दोघांकडून आला. सांधे दुखायला लागले की ती चार-चार दिवस खाटेवरून उठत नसे. डोळे कायम पिवळसर. कावीळ लागेल म्हणून शाळेतल्या मुली तिच्या बाजूला बसत नव्हत्या. बारावीचे दोन पेपर दुखण्यात गेले, त्यानंतर ती परीक्षेला बसलीच नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, पाणी भरपूर प्यायचं, उन्हात राहायचं नाही, थकायचं नाही. मी तिथेच होतो. मी ते सगळं ऐकलं होतं.

मशीन आलं, पण पहिले दोन महिने मी नुसता रेडियम वाया घालवला. कॉम्प्युटरवर मराठी अक्षर तुकड्यातुकड्यांनी बनायचं. काना वेगळा, वेलांटी वेगळी, वरची रेघ वेगळी. पडद्यावर ते सगळं एक दिसायचं. मशीनची पाती मात्र प्रत्येक तुकड्याच्या कडेनं फिरायची आणि जिथे काना अक्षराला लागतो तिथे आरपार चिरून ठेवायची. सोलायला गेलं की अक्षर सुटं होऊन बोटाला चिकटायचं.

माझी चूक तिनं खाटेवर पडल्या पडल्या पकडली.

“दादा, रंग काढून टाक अन् नुसती रेघ ठेव,” ती म्हणाली.

“काऊन?”

“काढ तं खरं.”

रंग काढला तर आत एकमेकींवर चढलेल्या रेघांचं जाळं दिसलं. ती उठून खुर्चीवर बसली, तुकडे एकत्र निवडले आणि मेनूत शोधत शोधत त्यांना जोडायची सोय काढली. सगळे तुकडे वितळून एक आकार झाला. दहा मिनिटांत ‘श्री’ अखंड कापून निघाला.

त्या दिवसापासून फाइली ती बनवायला लागली. मी दुकानातून मापं आणि चिठ्ठ्या आणायचो आणि कापलेला माल घेऊन जायचो. गुडघ्याखाली उशी घेऊन ती तासन्‌तास बसायची. चित्राचा फोटो कॉम्प्युटरमध्ये घेऊन त्यावरून आपोआप रेघ ओढायची सोय होती, पण ती तिला मुळीच आवडत नसे. त्या रेघेवर शेकडो बिंदू पडायचे, आणि प्रत्येक बिंदूपाशी पाती अडखळून कड दातेरी निघायची. त्या बिंदूंना ती मुंग्या म्हणायची. एका वळणाला दोन बिंदू पुरतात, असं तिचं म्हणणं. रेघ स्वतः ओढायची, वाकवायची, जास्तीच्या मुंग्या एकेक करून उडवायची. बोलायला तिखट होती. मी घाई केली की म्हणायची, “तूच कर मंग. मी झोपतो.” आमच्याकडे मुलीही कधी कधी असं बोलतात.

गिऱ्हाइकं वाढली. वडशापर्यंतचे लोक यायला लागले. अक्षर कोण बनवतं असं कोणी विचारलं की मी ‘मशीन’ म्हणायचो.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात जीपवाल्यांचं काम आलं. ब्रह्मपुरीहून चालणाऱ्या सगळ्या जीपांवर एकसारखं चिन्ह हवं होतं, मध्ये वाघाचं तोंड आणि भोवती गोल अक्षरं. नमुना म्हणून त्यांनी झेरॉक्सची झेरॉक्स दिली, नुसते काळे डाग. जीपांवर ते चिन्ह लावायच्या कार्यक्रमाला आठ दिवस होते. मी हो म्हणून आलो.

वाघ सोपा नसतो. त्याचा प्रत्येक पट्टा वेगळा तुकडा. पट्टा बारीक झाला की सोलताना निघून येतो, जाड केला की तोंड मांजरासारखं दिसतं. मिशा तर केसभर. तोंड जरा वळलेलं, म्हणून एक बाजू उलटवून दुसरीकडे लावता येत नव्हती. तिनं एका बाजूनं सुरुवात केली आणि एकेक पट्टा ओढत नाकापर्यंत आली. तो अर्धा वाघ पाहून बाबाही राईस मिलमधून आल्यावर खोलीच्या दारात उभे राहिले होते.

त्या उन्हाळ्यात लोडशेडिंग भयंकर होतं. सकाळभर लाइट नाही, दुपारी एकला यायची आणि पाचला जायची. म्हणजे काम नेमकं टिनाखाली, भर उन्हात. कूलर लावला तर कॉम्प्युटर बंद पडायचा, तेवढा दाब वायरीत नव्हता. मी कूलर बंद ठेवला. हे मीच केलं.

पाचव्या दिवशी दुपारी मी माल न्यायला घरी आलो तेव्हा ती एका हातानं मांडी दाबत माउस फिरवत होती. ओठ सुकले होते.

“मले पाय लय दुखून राह्यले,” ती म्हणाली.

“किती राह्यला?”

“उजवी बाजू राह्यली.”

“लाइट जाईपर्यंत होते तेवढं कर. मंग झोप.”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा पडद्याकडे वळली. बाजूचा तांब्या रिकामा होता. तो मला दिसला. भरून द्यावा असं मनातही आलं. तेवढ्यात बाहेरून एका नंबर प्लेटवाल्यानं हाक मारली आणि मी गेलो.

संध्याकाळी आलो तर ती खाटेवर आडवी होती आणि आई तिचे पाय चोळत होती. असं पूर्वीही व्हायचं, म्हणून आम्ही सकाळपर्यंत थांबलो. सकाळी छातीत दुखतं म्हणाली आणि श्वास अर्धाच घ्यायला लागली. गावातल्या दवाखान्यातून चंद्रपूरला न्यायला सांगितलं. गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. नागभीडच्या पुढे तिनं पाणी मागितलं. मी बाटली लावली, दोन घोट प्याली.

चंद्रपूरला रक्त मिळालं, चढवलंही. ऑक्सिजन लावला. डॉक्टर धावपळ करत होते, कोणी कसूर केली असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई तिचे केस विंचरत होती, तेव्हाच ती गेली. एकोणीस वर्षांची होती.

पुढचं सांगायला मला लाज वाटते. चौथ्या दिवशी जीपवाल्यांपैकी एकजण भेटायला आला. कार्यक्रम पुढे ढकलला म्हणाला, घाई नाही म्हणाला. तो गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर लावला. डावी बाजू पूर्ण होती, उजवीकडचे दोन पट्टे झाले होते आणि तिसऱ्याची रेघ उघडीच राहिली होती. मला तिच्यासारखं ओढता येत नव्हतं. उरलेली बाजू मी आपोआप रेघ ओढायच्या सोयीनं काढली, त्यावर मुंग्याच मुंग्या. तशीच कापली. तेरवीच्या आधी माल पोचवला. वाघाचा एक गाल गुळगुळीत आणि दुसरा कुरतडल्यासारखा, पण कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढे कितीतरी वर्षं त्या जीपा ब्रह्मपुरी-वडसा रस्त्यावर माझ्यासमोरून जात राहिल्या.

आई महिनाभर काही बोलली नाही. मग एकदा जेवायला वाढताना तिनं विचारलं, “तिले तरास होऊन राह्यला, हे तुले दिसत नव्हतं काय?”

“दिसत होतं,” मी म्हणालो.

ती वाढत राहिली. बाबा ताटावरून उठून गेले. त्यानंतर घरात हा विषय कोणी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. मी बोलणी खायला तयार होतो.

मशीन मी सहा महिने चालवलं. गिऱ्हाइकं म्हणायची, भाऊ, आता पहिल्यासारखं काम येत नाई. शेवटी वडशाच्या एका माणसाला ते विकलं आणि दोन दिवस त्याच्याकडे बसून अक्षरांचे तुकडे कसे जोडायचे ते शिकवलं. त्यानं विचारलं, तुम्ही कोणाकडून शिकलात? बहिणीकडून, मी म्हणालो. ही गोष्ट मी परक्या माणसाला पहिल्यांदाच सांगत होतो.

लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा मी आधी रक्त तपासून घेतलं. माझ्यात आजार अर्धा निघाला, म्हणजे मला त्रास नाही, पण बायकोतही अर्धा असला तर मुलाला पूर्ण होऊ शकतो. मुलीकडच्यांना मी तो कागद दाखवला. पहिल्या दोन घरांनी नंतर निरोपच पाठवला नाही. तिसऱ्या घरची मुलगी स्वतः तपासणीला आली. तिच्यात काही नव्हतं. तिच्याशीच माझं लग्न झालं.

आम्हाला मुलगी झाली. ती जरा मोठी झाल्यावर तिचंही रक्त तपासून आणलं. आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

“काय निघालं?”

“माझ्यासारखं. अर्धं.”

“म्हणजे दुखन नाई ना?”

“नाई.”

तिनं सूप खाली ठेवलं, पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा तांदूळ निवडायला घेतले.