मुंडावळ्या कोणी बांधायच्या

शेलूबाजारच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत आम्ही दोघी बसलो होतो. मी आणि माझी सून सुनीता. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि पार्लरची गोल फिरणारी खुर्ची. ती खुर्ची जीपच्या टपावर दोरीनं बांधली तेव्हा ड्रायव्हर हसून म्हणाला, मावशी, सिंहासन घेऊन कुठं चालल्या. मी म्हटलं, तुझ्या गावाला नको झालं, म्हणून घेऊन चालले. सुनीतानं पोपटी साडी नेसली होती. टपरीवरचे लोक चहा सोडून तिच्याकडे बघत होते, कारण तिचा नवरा, म्हणजे माझा पोरगा, हायवेवर मोटरसायकलवरून पडून गेला त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. पोचवायला घरातलं कोणी आलं नाही. माझी धाकटी जाऊ कमल दारातूनच बोलली, "जाऊबाई, पोरीच्या नादी लागून म्हातारपण नासवून राह्यल्या तुमी." जीप भरली आणि आम्ही निघालो.

गावात राहिलेल्या बायांसाठी मी हे लिहिते, आणि माझ्यासारख्या ज्या उठून गेल्या त्यांच्यासाठीही. मी चौथीपर्यंत शिकले. जे आहे ते सरळ लिहिते. वाचून काहींना राग येईल. मलाही आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

सुनीता लग्नाआधीच कारंज्याला पार्लरचा कोर्स करून आली होती. माझ्या पोरानं तिला रस्त्याकडच्या खोलीत मोठा आरसा लावून दिला. धंदा बरा चालायचा. मग पोरगा गेला. सुनीताच्या हातातल्या बांगड्या फोडायला ज्या बाया आल्या, त्यांच्या भुवया तिनंच कोरलेल्या होत्या. थोड्या दिवसांनी त्याच बाया परत आल्या, सांज झाल्यावर, पदर पुढे ओढून. भुवया चालत होत्या. केस कापणं चालत होतं, फेशियलही चालत होतं. फक्त नवरी चालत नव्हती. नवरीच्या डोक्याला अशा बाईचा हात लागू नये म्हणे. पार्लरवालीचं वर्ष लग्नसराईवर निघतं, हे गावाला ठाऊक नव्हतं असं नाही. कमल घरोघरी सांगत फिरायची, नवरीले मंगरूळच्या पार्लरात न्या. आणि घरात सुनीताला रोज ऐकवायची, गडद रंग नको, गजरा नको, एवढं मॅचिंग कायले पायजे.

माझा नवरा गेला तेव्हा मीही हे सगळं ऐकलं होतं. कोणाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. फिकी लुगडी नेसले, केसांत फूल माळणं सोडलं, आणि मला राग आलाच नाही, कारण राग येऊ शकतो हे माहीत नव्हतं. सुनीताच्या वेळी तो आला, आणि दोघींचा मिळून आला.

पुण्याजवळ मोशीच्या पुढं, कंपन्यांच्या बाजूला, आम्हाला एक गाळा मिळाला. सुनीतानं फ्लेक्स लावला. इथं कोणी तिला विचारलं नाही की तुझा नवरा आहे की गेला. थ्रेडिंग नीट होते की नाही एवढंच बघितलं. पहिली नवरी आली तेव्हा सुनीतानं हात दोनदा धुतले. मी टॉवेलच्या घड्या घालायचं निमित्त करून तिच्या मागं उभी राहिले. नवरीच्या आईनं जाताना तिला ओढून फोटोत घेतलं.

मी आता दिवसभर दाराजवळच्या खुर्चीवर बसते. अपॉइंटमेंट सुनीता मोबाइलवर घेते, पण थांबलेल्या बाया प्रश्न मला विचारतात. आजी, माझा चेहरा गोल आहे, मधला भांग शोभेल का? मी सांगते, मधला भांग गोल तोंड अजून गोल करतो, बाजूनं काढ. पन्नाशीनंतर लाल लिपस्टिक बरी दिसते का? आवडत असेल तर लाव, आवडत नसेल तर विसाव्या वर्षीही लावू नकोस. केस फार गळतात, काय लावू? आधी ओले केस बांधणं बंद कर, आणि घरातले सगळे जेवल्यावर उरलंसुरलं खाणं बंद कर, मग तेलाचं बघू. ब्लाउजचा मागचा गळा खोल शिवून घेतला, केस मोकळे सोडू का? मग तो गळा शिवलाच कशाला, अंबाडा वर घाल. जाड दंडाला बिनबाह्यांचं चालतं का? दंड झाकून बारीक होत नाही, आणि उन्हाळा सगळ्यांनाच असतो.

हे प्रश्न मला आवडतात. चीड येते ती दुसऱ्या एका प्रश्नाची. चांगली नोकरी असलेली एक बाई खांद्यापर्यंत केस कापायला आली. केस धुऊन झाले, सुनीतानं कात्री उचलली, आणि बाईनं नवऱ्याला फोन लावला. नवरा मीटिंगमध्ये होता. बाई ओल्या केसांनी बसून राहिली. शेवटी त्याचा मेसेज आला, लांबच बरे दिसतात. तिनं हसून केस सुकवून घेतले आणि तशीच गेली. शेलूबाजारात सासू आडवी येते, इथं फोन येतो. पुण्याला मोठं शहर म्हणतात, आमच्या खुर्चीत बसलेल्या बायांकडे बघून मला ते कधी मोठं वाटलं नाही.

गावाकडच्या बायाही फोन करतात. साडीचा फोटो पाठवतात आणि विचारतात, हे मले शोभीन का. त्यांच्यात कमलची नात अश्विनी होती. तिचं लग्न ठरलं आणि रोज फोन सुरू झाले. जुडा खाली घेऊ की वर, खरे गजरे की खोटे, शालूवर ब्लाउज लाल की हिरवा. सुनीता हातातलं काम ठेवून उत्तर द्यायची. एक दिवस पोरगी म्हणाली, काकू, माहे केस तूच कर. मग आजीचा, म्हणजे कमलचा, फोन मला आला. अश्विनी हटून बसली आहे, सुनीताला घेऊन या. एवढं बोलून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाली, "साडी जराशी साधी नेसजो म्हना तिले. अन् बाया ओवाळतीन तवा तिनं मंधात येऊ नये."

पुण्याहून आलेला हात चालत होता. तोच हात शेलूबाजारात असताना चालत नव्हता. मी फोन ठेवून सुनीताला सगळं सांगितलं आणि जायचं नाही म्हटलं. ती म्हणाली, पोरीनं बोलावलं आहे, जाऊ. तिनं आंब्याच्या रंगाची, जरीच्या काठाची साडी काढून इस्त्री केली. मी मनात ठरवलं, तिथं मी बघून घेईन.

लग्न दुपारचं होतं. मांडव शेलूबाजारच्या घराच्या अंगणातच होता. मधल्या खोलीत अश्विनी आरशासमोर बसली होती आणि सुनीता तिचे केस बसवत होती. मागचा जुडा झाला, डावी बाजू पिनांनी बसली, उजवी अजून मोकळी होती. एवढ्यात कमल ताटात मोत्यांच्या मुंडावळ्या घेऊन आली आणि सुनीताला म्हणाली, आता तू मांगच्या खोलीत जाऊन बस, सवासणी येऊन राह्यल्या, रायलेली बाजू मंग करजो.

मी भिंतीला टेकून बसले होते. तिथूनच म्हटलं, "सुनीता, फनी खाली ठेव."

तिनं ठेवली. अश्विनी तशीच बसली, अर्धे केस बांधलेले आणि अर्धे खांद्यावर. दारातली एक म्हातारी म्हणाली, अवो, एक बाजू सासरची अन् एक माहेरची ठेवून राह्यल्या का. बाया हसल्या. कमल हसली नाही. "जाऊबाई, लग्नाच्या दिवशी तमाशा कायले करून राह्यल्या?"

"तमाशा तू मांडला," मी म्हटलं. "तुले हात चालते, बाई चालत नाई. हात तोडून देऊ का तुले ताटात?"

जानोशाकडून बँडचा आवाज यायला लागला, तिथं उतरलेलं नवरदेवाचं वऱ्हाड निघालं होतं. कमलनं एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा नातीच्या डोक्याकडे. मग म्हणाली, बरं बापा, बांधू दे तिले मुंडावळ्या, पन लवकर करा. तिनं ताट सुनीतापुढं धरलं. मला वाटलं, मी जिंकले.

"मले नाई बांधायच्या," सुनीता म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळू बोलली, "आत्याबाई, माह्यासाठी भांडल्या, ते बरं केलं. पन मले काय पायजे, ते तुमीबी नाई इचारलं."

तिनं फणी उचलली आणि उजवी बाजू पुरी केली. घाई केली नाही. एक एक बट वळवून बसवली, वरून स्प्रे मारला, पिनांचा डबा बंद केला, हात धुऊन आली. मागच्या खोलीत गेली नाही. एक खुर्ची ओढून खोलीच्या बरोबर मध्ये ठेवली आणि बसली, हात मांडीवर घेऊन. बायांना तिच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून ओवाळावं लागलं. ऊठ म्हणायला कोणी धजलं नाही.

मुंडावळ्या कमलनं बांधल्या. स्प्रे मारलेल्या केसांवर त्या ठरत नव्हत्या. दुसरीनं गाठ आवळली, तिसरीनं पदराची पिन लावली, तरी मोती घसरून पोरीच्या नाकावर येत होते. बाहेरून भटजी हाका मारत होते. अश्विनी उठून दारापर्यंत गेली, थांबली, आणि मागं फिरली. शालू दोन्ही हातांनी वर धरून ती सुनीताच्या खुर्चीसमोर आली आणि खाली बसली.

"काकू, डोयात येऊन राह्यल्या. तू बसवून दे न."

सुनीताचा डबा बंद होता. तिनं स्वतःच्या अंबाड्यातल्या दोन पिना काढल्या आणि मुंडावळ्या बसवल्या. तिची एक बट सुटून मानेवर आली. ती तिनं तशीच राहू दिली. पोरगी उठली आणि मांडवात गेली. कमल भिंतीकडे बघत होती. आम्ही पंगतीत बसून जेवलो आणि निघालो.

इथं कोणी म्हणेल की सगळं गोड झालं. काही गोड झालेलं नाही. दोन दिवसांनी कमलचा फोन आला. म्हणाली, आता पोरीच्या संसाराले काई झालं तं पाह्यजा. म्हणजे आता जावयाला ताप आला, म्हैस आटली, पाळणा उशिरा हलला, तर त्या दोन पिनांचं नाव निघणार. एका धडधाकट, कष्टाच्या बाईला तुम्ही आयुष्यभर अशी टांगून ठेवता आणि वर तिलाच विचारता, माह्यावर कोणता रंग खुलीन. विचारा. ती सांगते तुम्हाला, तिचा स्वभाव तसा आहे. माझा नाही. मी फोन उचलला तर आधी एवढंच विचारते, तुमच्या घरच्या मांडवात सुनीताला कुठं बसवाल. त्याचं उत्तर आलं तर मग ब्लाउजचं बोलते. बऱ्याच जणींनी फोन करणं बंद केलं आहे.

सुनीतालाही मी आता विचारते, तुला काय पाहिजे. सवय नव्हती, जीभ अडखळते. ती कधी म्हणते काही नको, कधी म्हणते भांडा, कधी म्हणते गप बसा.

लोक विचारतात, आजी, घरी परत कधी जाणार. शेलूबाजारचं घर मोठं आहे, अंगण आहे, आणि एक मागची खोली आहे. मी त्या घरात जन्म काढला आणि किती बाया त्या खोलीत जाऊन बसल्या ते बघितलं. मीही बसले. मोशीच्या गाळ्यात पुढं आरसा आहे, मध्ये पडदा आहे, पडद्याआड गॅस आणि आमची अंथरुणं. मागची खोली नाही. कोणाला लपवायचं म्हटलं तरी जागा नाही. मला विचाराल तर घर हेच.