डाव्या कुशीला कान

दुकानात माणूस पेंड घेतो आणि जातो. किस्सा पिकायला सवड कुठं? आमच्या पेंड-भुशाच्या दुकानात तीस वर्षांत जमले नाहीत एवढे किस्से मला सर्जरीच्या वॉर्डात जमले. उताणं पडलेल्या माणसाला बोलण्याशिवाय दुसरा धंदा नसतो.

माझ्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला. डॉक्टर मॅडमनी तेवढा तुकडा कापून दोन टोकं जोडली. म्हणाल्या, "आता सगळं या जोडावर. तो धरला पाहिजे." तेव्हापासून घरचे फोनवर माझी तब्येत विचारायची सोडून जोडाचीच विचारू लागले.

*

शेजारच्या कॉटवर गारगोटीचे कांबळे सर, निवृत्त हेडमास्तर. त्यांचंही ऑपरेशन तेच. रोज सकाळी नर्स विचारायची, "गॅस गेला का?" आतडं चालू झाल्याची ती खूण. सर तोंड भिंतीकडं करायचे. एकदा मला हळूच म्हणाले, "ज्या गोष्टीसाठी पोरांना जन्मभर बाकावर उभं केलं, तीच आता रोज हजेरीला मागतायत."

*

सरांचा जोड धरला. माझा पाचव्या दिवशी गळला. ताप, पुन्हा ऑपरेशन, मळ गोळा करायला पोटावर पिशवी. जरा हुशारी आल्यावर मी भांडलोच, "मॅडम, धागा तोच, हात तोच. मग माझाच माल कसा बिघडला?"

"खरं सांगू? पक्कं ठाऊक नाही. बरीच कारणं असतात. आतड्यातल्या जंतूंचाही त्यात हात असावा, असं आता वाटायला लागलंय."

'पक्कं ठाऊक नाही' म्हणणारं माणूस मी काउंटरच्या अलीकडं किंवा पलीकडं कधी पाहिलं नव्हतं. तिथंच माझा विश्वास बसला.

*

मग अँटिबायोटिक्सचा मारा. पोट पार बिघडलं. मॅडम म्हणाल्या, "वाईट जंतूंबरोबर चांगलेही मरतात."

मी म्हटलं, "म्हशीचं असंच होतं. डाव्या कुशीतली गुरगुर थांबून रवंथ बंद पडला की आमच्याकडं चांगल्या जनावराच्या तोंडातला रवंथाचा घास काढून तिला भरवतात. आतलं पुन्हा सुरू होतं."

मॅडम स्टूल ओढून बसल्या. "माणसातही एका आजारात जवळपास असंच करतात. फक्त घास तोंडातला नसतो."

"मग कुठला?" सरांनी विचारलं.

"दुसऱ्या टोकाचा," मॅडम म्हणाल्या. सरांनी हातातली पेज खाली ठेवली.

*

चांगल्या जंतूंची बातमी पाहुण्यांत पसरली आणि दुसऱ्या दिवशी कॉटखाली दह्याचे सात डबे! मॅडमनी तर अजून दह्याला परवानगीच दिली नव्हती. बायकोनं सगळ्यांना तिथंच गाठलं.

"पोट हाय त्यांचं, डेअरी न्हाय. उचला की डबं."

*

घरी आलो, गल्ल्यावर बसू लागलो. शर्टाआड पिशवी. एकदा सरकीच्या भावावरून घासाघीस चालली असताना ती मोठ्यानं गुरगुरली. गिऱ्हाईक दचकून म्हणालं, "ऱ्हाऊ द्या मालक, त्याच भावानं द्या. एवढं तापू नगासा."

*

काही महिन्यांनी पिशवी काढून आतडं पुन्हा जोडलं. पुन्हा तोच वॉर्ड, पुन्हा तीच भीती. चौथा दिवस उजाडला, तरी पोट फुगलेलं आणि गप्प. मॅडम दिवसातून तीनदा येऊन जात. बायकोचं बोलणंच बंद झालं होतं.

अशात शाहूवाडीचा धोंडीबा आला. जुनं गिऱ्हाईक, दारात सहा म्हशी.

"मालक, कसं काय?"

"जोड धरलाय का गळलाय, कळंना झालंय."

त्यानं न विचारता माझा शर्ट वर केला. डाव्या कुशीवर मूठ दाबली. मग टोपी काढून तिथं कान लावला.

चार दिवसांत पहिल्यांदा बायको बोलली, "अवं पावणं, म्हशी तिकडं गोठ्यात."

"गप ऱ्हावा की वहिनी. ऐकू द्या."

तेवढ्यात दारात मॅडम. धोंडीबा ओशाळून बाजूला झाला. मॅडम सरळ कॉटजवळ आल्या. त्यांनी त्याच जागी स्टेथोस्कोप टेकवला. ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग स्वतःच्या कानातल्या नळ्या काढून धोंडीबाच्या कानात घातल्या.

त्यानं डोळे मिटले. वॉर्डातला पंखा तेवढा वाजत होता. बऱ्याच वेळानं त्यानं नळ्या परत केल्या, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि माझ्याकडं न बघता मॅडमना म्हणाला,

"बाई, जित्राब वाचलं. वैरण टाका."